परवडतें तें कोणाला?

‘परवडणें’ हा शब्द आपण दिवसांतून कितीदां तरी उच्चारतों. भाजी परवडत नाहीं, शाळेची फी परवडत नाहीं, अमक्याशीं वैर परवडणार नाहीं. अशा प्रत्येक वाक्यांत एक हिशेब गृहीत धरलेला असतो, आणि हिशेब म्हटला म्हणजे खातें आलेंच. परंतु तें खातें कोणाचें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. बोलणाऱ्याचें स्वतःचें, असें आपण धरूनच चालतों. नुकत्याच एका जुन्या मोटारीच्या खरेदीच्या निमित्तानें या गोष्टीचा मला जो विचार करावा लागला, तो वाचकांपुढें मांडावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें. मोटारीचा विषय कांहींना रुक्ष वाटेल. परंतु नीतीचे प्रश्न ग्रंथांत जितके भेटतात, त्याहून अधिक ते बाजारांत भेटतात.

माझा भाचा साजगांवास राहतो. खोपोलीस लागून असलेलें हें खालापूर तालुक्यांतील गांव; पाठीमागें बोरघाट, पुढें मुंबईकडील सपाटी. भाच्याची आई येथें, घर येथें, आणि नोकरी मात्र घाटावर, पुण्याच्या अलीकडे. जाऊन-येऊन दररोज सुमारें १५० किलोमीटर. खोपोलीहून आगगाडी आहे, परंतु ती कर्जतेवरून मुंबईकडे जाते. पुण्याकडे जाणाऱ्यानें आधीं उलट दिशेनें कर्जत गांठावें आणि तेथून घाट चढणारी गाडी धरावी, हें ठराविक वेळेच्या नोकरीस जमत नाहीं. तेव्हां मोटार हवी. ती जुनी हवी, कारण नवी घेण्याइतकी शिल्लक नाहीं. आणि तिचें पोट लहान हवें, कारण वर्षाचे २४० दिवस धरले तरी ३६,००० किलोमीटर होतात.

एका रविवारीं तो हिशेबाचा कागद घेऊन आला. “मामा, तुम्ही इतकीं वर्षें मोटार चालविलीत. यांतली कोणती घेऊं?” कागदावर दोन गाड्या होत्या. सीएनजीचा विचार त्यानें पंपावरील रांगेस भिऊन सोडून दिला होता. पहिली गाडी २०१५ सालची, डिझेलवर चालणारी. किंमत पावणेतीन लाख, लिटरला २० किलोमीटर. दुसरी २०२२ सालची, पेट्रोलची. किंमत पावणेपांच लाख, लिटरला १८ किलोमीटर. डिझेलचा भाव ९० रुपये व पेट्रोलचा १०५ रुपये धरून त्यानें वर्षाचा खर्च मांडला होता: पहिलीस १,६२,००० रुपये, दुसरीस २,१०,०००. म्हणजे खरेदींत दोन लाखांची बचत, आणि शिवाय दर वर्षीं ४८,००० रुपयांची. आंकडे स्वच्छ होते; त्यांत चूक काढण्यास जागा नव्हती. “मग विचारतोस काय?” असें मी म्हणणार, तोंच त्यानें खिशांतून एक चुरगळलेली पावती काढून माझ्यापुढें ठेविली.

पहिली गाडी पाहतांना तिच्या पुढील कप्प्यांत ती त्यास सांपडली होती. कोणा गॅरेजची तीन वर्षांपूर्वींची पावती. तिच्यावर गाडीचें रनिंग १,१२,००० किलोमीटर लिहिलेलें. आणि आज त्याच गाडीच्या मीटरावर आंकडा होता ६८,०००. ब्रेकच्या पायपट्टीचें रबर झिजून गुळगुळीत झालें होतें, स्टिअरिंगचें कातडें तुळतुळीत झालें होतें. मीटर खोटें बोलत होता आणि हातापायांखालच्या वस्तु खरें बोलत होत्या. भाचा म्हणाला, “मीटर मागें फिरविला आहे हें मला कळलें. पण या किंमतीला ती मला तरीही परवडते. मी तीन वर्षें चालवीन. तेव्हां मीटरावर पावणेदोन लाख असतील. मी मीटराला हात लावणार नाहीं. जसा आहे तसा आंकडा दाखवीन आणि विकून टाकीन. यांत माझी लबाडी कोठें आहे?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मुलगा प्रामाणिक आहे. लबाडी करावी असें त्याच्या मनांत नव्हतें. दुसऱ्यानें केलेल्या लबाडीस तो केवळ हात लावणार नव्हता, इतकेंच. आणि या बाबतींत कायदाही त्याच्या फारसा आड येत नाहीं. आपल्याकडील १८७२ सालच्या कराराच्या कायद्यांत, सतराव्या कलमाखालीं, घोड्याचें एक उदाहरण दिलेलें आहे. लिलांवांत एक इसम दुसऱ्यास घोडा विकतो. घोडा सदोष आहे हें विकणारास ठाऊक आहे. तो कांहींच बोलत नाहीं. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. परंतु विकत घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारानें जर म्हटलें कीं, ‘आपण नाकारलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन,’ तर त्यानंतरचें मौन हें बोलण्यासारखेंच होय. हीं उदाहरणें मला नेहमीं मार्मिक वाटत आलीं आहेत. कायदा येथें नकळत एक कबुली देतो: सांगण्याचें कर्तव्य नात्यांतून उत्पन्न होतें. मुलीस सांगावें, परक्यास न सांगितलें तरी चालेल. नीतीचा प्रश्न नेमका येथून पुढें सुरू होतो. परकें कोण?

हा वाद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं सिसेरोनें कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत सदोष घर विकणाऱ्या मनुष्याबद्दल दोन स्टोइक पंडितांचे परस्परविरुद्ध पक्ष मांडलेले आहेत. डायोजेनीसचें म्हणणें, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटरचें म्हणणें, वाट चुकलेल्यास वाट न दाखविणें जर पाप, तर चुकीच्या वाटेनें जाणाऱ्यास जाणूनबुजून जाऊं देणें हें त्याहून मोठें पाप. सिसेरोनें कौल दुसऱ्याच्या बाजूनें दिला. दोन हजार वर्षें उलटलीं; वाद मात्र मोटारींच्या बाजारांत आजही तसाच उभा आहे.

आणि मोटारींच्या बाजारांत तो अधिक तीव्र आहे, याचें कारण मालाच्या स्वरूपांत आहे. साजगांवांत कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारासाठीं ती प्रसिद्ध आहे. त्या बाजारांत फसणें कठीण. बोंबील नीट वाळलेला कीं ओलसर, हें गिऱ्हाइकाचें नाक सांगतें. बैल घेणारा दांत पाहतो, चालवून पाहतो. उपरण्याखालीं बोटें धरून भाव ठरविणारा दलाल कितीही हुषार असला, तरी बैल समोर उभा असतो. मोटारीचे दांत दिसत नाहींत. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचेंच उदाहरण घेऊन याचा परिणाम दाखविला, आणि पुढें २००१ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचा विचार थोडक्यांत असा: गिऱ्हाइकास चांगली व वाईट गाडी ओळखतां येत नाहीं, म्हणून तें मधलाच भाव देऊं करतें; त्या भावांत चांगली गाडी विकणें तिच्या मालकास परवडत नाहीं, तो बाजारांतून निघून जातो; मागें वाईट गाड्या उरतात, आणि भाव आणखी खालीं येतो. म्हणजे माझ्या मौनाची किंमत माझें गिऱ्हाईक तर देतेंच. शिवाय ज्याची गाडी खरोखर चांगली आहे, तो प्रामाणिक मनुष्यही देतो.

हें सर्व मी भाच्यास शांतपणें समजावून सांगूं शकलों असतों. परंतु सांगतांना माझी जीभ अडखळली, आणि तिचें कारण लिहिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं माझी मोटार विकली. तिच्या इंजिनाचें पाणी कमी होत असे. रोज सकाळीं मी तें भरीत असें. सपाटीवर तिनें कधीं त्रास दिला नाहीं, घाटांत मात्र ती तापे. डिसेंबर महिना होता. थंडीच्या दिवसांत हा दोष वर येत नाहीं. घेणारे गृहस्थ शिक्षक होते. त्यांनीं गाडी गांवांतल्या गांवांत फिरवून पाहिली, कागद पाहिले, आणि पैसे मोजून दिले. पाण्याबद्दल त्यांनीं विचारलें नाहीं. मींही सांगितलें नाहीं. घोड्याच्या उदाहरणाप्रमाणें मी निर्दोष होतों. पुढें मे महिन्यांत ते आजारी वडिलांस घेऊन पुण्यास निघाले, आणि भर दुपारीं घाटाच्या चढावर इंजिन तापून गाडी बंद पडली. दोन तास ते त्या उन्हांत होते. वडील सुखरूप पोंचले, हें माझें सुदैव. आठ दिवसांनीं ते माझ्याकडे आले; भांडावयास नव्हे, तर पूर्वीं गाडी कोणत्या मिस्त्रीकडे जात असे हें विचारावयास. जातांना त्यांनीं सहज विचारलें, “आपल्याला तिनें असा त्रास कधीं दिला नव्हता ना?” मीं म्हटलें, “नाहीं.”

त्या दिवशीं मला कळलें कीं मौन हें एकटें राहत नाहीं. डिसेंबरांत मी केवळ गप्प होतों. मे महिन्यांत तें मौन सांभाळण्याकरितां मला खोटें बोलावें लागलें. भाच्याचें तसेंच होणार होतें. तीन वर्षांनीं कोणी गिऱ्हाईक त्यास विचारील, “मीटर खरा आहे ना?” तेव्हां त्याच्यापुढें दोनच वाटा उरतील: तोटा सोसणें किंवा खोटें बोलणें. तोटा सोसण्याची तयारी असती, तर ही गाडी त्यास परवडलीच नसती. याचा अर्थ असा कीं, त्याच्या हिशेबांत तें खोटें आजच जमा धरलेलें होतें. त्यास तें दिसत नव्हतें, एवढेंच.

माझी ही हकीकत मीं त्यास सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “बरें, विकण्याचें सोडा. मी ती भंगारांत जाईपर्यंत वापरीन आणि कोणालाच विकणार नाहीं. मग तर जीवही माझा आणि पैसाही माझा.” हा युक्तिवाद आपल्याकडे आगरकरांच्या पिढीनें ज्याचे ग्रंथ वाचले, त्या मिल्लच्या घरचा आहे: ज्याचा परिणाम केवळ कर्त्यावर होतो, त्या कृत्यांत इतरांनीं पडूं नये. तत्त्व मान्य, पण मोटार चालविणें हें तसें कृत्य आहे काय? त्या २०१५ सालच्या गाडीस अँटिलॉक ब्रेक नव्हते, हवेच्या पिशव्या नव्हत्या. आपल्या देशांत प्रत्येक नव्या मोटारींत असे ब्रेक २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचे झाले. पुढील दोन्ही आसनांसाठीं पिशव्यांची सक्ती तर २०२१ च्या अखेरीस पुरी झाली. त्यापूर्वींची स्थिति काय होती, हें २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅपनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान मोटारींची धडक-परीक्षा घेतली तेव्हां दिसलें. पांचहि गाड्यांस मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठीं शून्य तारे मिळाले. पिशवी नसली तर छाती भाच्याची फुटेल हें खरें. परंतु त्याची आई त्याच्याच मिळकतीवर आहे. आणि ब्रेक तर केवळ त्याचे नव्हेतच. घाट उतरतांना ज्याचा ब्रेक लागत नाहीं, त्याचा ब्रेक पुढच्या गाडींतील मुलांचा असतो. टायरवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. आठ वर्षांचें रबर तापलेल्या काँक्रीटवर फुटलें, तर गाडी कोणत्या रांगेंत जाऊन आदळेल हें फुटणाऱ्या टायरच्या मालकास ठरवितां येत नाहीं.

धुराचेंही तसेंच. डिझेल मोटारीनें दर किलोमीटरला किती बारीक काजळी सोडावी याची मर्यादा २०१५ च्या गाडीच्या मानकांत २५ मिलिग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या मानकांत ती साडेचार झाली. ३६,००० किलोमीटरांस जुन्या मर्यादेनें वर्षाला ९०० ग्रॅम होतात, नव्या मर्यादेनें १६२. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ मध्यें डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला. ही काजळी रस्त्याकडेच्या वाड्यांवर व टपऱ्यांवर उतरते. भाच्याचे ४८,००० रुपये वांचले असते हें खरें. पण त्यांतील कांहीं भाग मुळीं वांचणार नव्हताच. तो केवळ निराळ्या, नांव नसलेल्या खात्यांवर लिहिला जाणार होता.

येथें एका आक्षेपाचा विचार प्रामाणिकपणें केला पाहिजे. ज्याच्याजवळ दोन लाख अधिक नाहींत, त्यानें काय करावें? नीति ही सुखवस्तु लोकांची चैन आहे काय? मला तसें वाटत नाहीं. पण गरिबाची जुनी गाडी पाहून नाक मुरडणें हेंही नीतिमत्तेचें लक्षण नव्हे. जुनी वस्तु शेवटपर्यंत वापरणें ही आपल्या घरांतील चांगली रीत आहे. नवी मोटार घडवावयासही लोखंड, कोळसा व वीज लागतेच. दोष जुनेपणांत नाहीं, स्वस्तपणांतही नाहीं. काटकसर आणि खर्च दुसऱ्यावर ढकलणें, यांतील सीमारेषा मला अशी दिसते: ज्याच्या खात्यावर आपला खर्च पडणार, त्यास तो आपण तोंडावर सांगूं शकतों काय? ‘माझी गाडी जुनी आहे, पण ब्रेक व टायर नवे घातले आहेत,’ हें कोणालाही सांगतां येतें. ‘माझे ब्रेक धड नाहींत, पण मला परवडत नाहीं,’ हें पुढच्या गाडींतील मनुष्यास सांगतां येत नाहीं. जें सांगतां येत नाहीं, ती काटकसर नव्हे.

खरी काटकसर कोणती, हेंही याच कसोटीनें कळतें. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० ऐवजीं १०० किलोमीटरनें गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. पन्नास किलोमीटरांच्या सपाट टप्प्यांत या वेगानें वांचतात साडेसात मिनिटें. डावीकडील रांगेंतून ऐशींनें जाणारा मनुष्य इंधन वांचवितो, आणि त्याची किंमत स्वतःच्या वेळानें, स्वतः देतो. मोटारींत पांच आसनें असतात व चार रिकामीं जातात. तीं भरणें हीही अशीच काटकसर. येथें कोणाच्या खात्यावर कांहीं ढकललें जात नाहीं. खर्च खरोखरच कमी होतो.

शिवाय, ज्या वाटेनें हा मुलगा रोज जाणार, ती वाट तरी कोणाच्या खर्चानें झाली आहे? घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव आहे. त्याचें पाणी वाटसरूंच्या किती पिढ्या प्याल्या. १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्यें आगगाडी घाट चढली, आणि त्या कामावर हजारों मजूर रोगराईनें व अपघातांनीं मेले. घाटाची वाट इंग्रजांस शिंगरोबा नांवाच्या धनगरानें दाखविली आणि त्याबद्दल त्यास प्राण द्यावे लागले, अशी आख्यायिका आहे. त्याच्या देवळापाशीं आजही येणारे-जाणारे नाणें टाकतात. त्या नाण्याची किंमत क्षुल्लक आहे. पण तें टाकणारा एवढें तरी कबूल करतो कीं, माझ्या प्रवासाचा सर्व खर्च मीं दिलेला नाहीं.

असो. भाच्यानें शेवटीं पेट्रोलची गाडी घेतली. कर्ज काढलें, त्याचा हप्ता त्यास जड जातो. खोपोलींतील एक सहकारी रोज त्याच्याबरोबर जाऊं लागला आहे आणि इंधनाचा अर्धा खर्च देतो. हा योगायोग होय. त्यावरून सचोटी नेहमीं फायद्याची ठरते असा सिद्धांत कोणी काढूं नये. सोबती न मिळता, तरीही उत्तर तेंच राहिलें असतें, फक्त अधिक कठीण. ती चुरगळलेली पावती त्यानें दलालास दाखविली आणि त्याच्यासमक्ष पुन्हां त्याच कप्प्यांत ठेविली. पुढें तिचें काय झालें तें त्यास ठाऊक नाहीं. स्वतःच्या गाडींत त्यानें एक वही ठेविली आहे. प्रत्येक दुरुस्ती तो तींत तारीखवार लिहितो. ती वही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जावयाची आहे.

भाच्यास उपदेश करून झाल्यावर मला त्या शिक्षकांकडे न जाणें शक्य नव्हतें. मी गेलों, आणि पाण्याची गोष्ट सांगितली. दुरुस्तीचा खर्च देऊं केला. तो त्यांनीं घेतला नाहीं. थोडा वेळ ते अंगणाकडे पाहत बसले. मग म्हणाले, “तेव्हांच सांगितलें असतें तर मी आपल्याला दहा हजार कमी दिले असते, इतकेंच. गाडी मीं घेतलीच असती; आणि वडिलांना घेऊन मी पहांटेच्या गारव्यांत निघालों असतों.”

दहा हजार रुपये! इतक्या रकमेसाठीं मीं त्या वृद्ध गृहस्थांस दोन तास उन्हांत बसविलें होतें. आणि त्या वेळीं मला कोणी विचारलें असतें, तर तो व्यवहार मला परवडला, असेंच मीं सांगितलें असतें.